तोळाभर स्पर्श

अण्णांनी तिसऱ्यांदा "हो" म्हटलं तेव्हा त्या मुलीचा हात त्यांच्या पायापासून चांगला वीतभर लांब होता.

अण्णा तपासणीच्या टेबलावर उताणे झोपलेले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर सारलेला, डोळे मिटलेले. मधुमेहाच्या दवाखान्यातली ती मुलगी, असेल चोवीस-पंचविशीची, चाकांच्या स्टुलावर बसून त्यांचे तळवे तपासत होती. तिच्या हातात पेनाएवढी प्लॅस्टिकची मूठ होती आणि तिच्या टोकाला काटकोनात बसवलेला नायलॉनचा एकच एक तंतू. कपडे धुवायच्या ब्रशातून निखळलेला केस असावा तसा. आधी तिनं तो अण्णांच्या मनगटावर टेकवून दाखवला. "असं वाटेल, काका. पायाला वाटलं की हो म्हणायचं. मी विचारणार नाही, तुमचं तुम्हीच सांगायचं." मग ती कामाला लागली. तंतू तळव्याला टेकायचा, धनुष्यासारखा वाकायचा, एखादा सेकंद तसाच राहायचा आणि उचलला जायचा. टाचेच्या थोडं पुढे टेकवला, अण्णा म्हणाले "हो". पावलाच्या मधल्या कमानीत टेकवला, "हो". मग ती काहीच न करता नुसती बसून राहिली. स्टूल जरासं सरकलं, चाक करकरलं. अण्णा लगेच म्हणाले, "हो."

तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. समोरच्या कागदावर दोन तळवे छापलेले होते, त्यांवर बारीक वर्तुळं. त्यातल्या कशात तरी तिनं काहीतरी लिहिलं आणि तंतू उजव्या अंगठ्याच्या पेरावर टेकवला. या वेळी खरोखर टेकवला. तो वाकला. अण्णा शांत. पंखा फिरत होता, बाहेर कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, आणि अण्णा शाळेत तोंडी परीक्षेला उभ्या असलेल्या पोरासारखे कान टवकारून पडले होते. आणि मी घसा खाकरला.

का, ते नाही सांगता येत. सर्दी नव्हती मला. "हो," अण्णा म्हणाले.

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. अशी माणसं तिच्याकडे रोज येत असणार. "दादा, तुम्ही बाहेर बसता का जरा?" एवढंच म्हणाली. मी अण्णांची फाइल आणि त्यांच्या चपला उचलून बाहेर येऊन बसलो. चपला कशाला उचलल्या देव जाणे.

नंतर तिनं नादकाटाही लावला असं अण्णांनीच सांगितलं. शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तसलाच, फक्त सेकंदाला १२८ कंपनांचा. ठोकून त्याचा दांडा अंगठ्याच्या हाडावर धरायचा आणि थरथर थांबली की सांगायचं. अण्णा म्हणाले, "वाजतोय की छान." ती म्हणाली, "काका, ऐकू येतोय का नाही विचारत. हाडात काही हलतंय का?" अण्णांनी हे मला हसत हसत सांगितलं, जणू चूक तिच्या प्रश्नाची होती. मला आपली मिरज आठवली. तिथले तंबोरेवाले तार घोडीवर चढवली की तिच्याखाली सुताचा एक बारीक धागा सरकवतात. धागा केसभर पुढेमागे झाला की अख्खा तंबोरा बोलायला लागतो नाहीतर मुका होतो. त्या धाग्याला ते 'जीव' म्हणतात.

परतीच्या वाटेवर, हातकणंगल्याच्या फाट्याच्या अलीकडे, अण्णांनी विचारलं, "कितीचं होतं रे ते सूत?"

हा प्रश्न तेच विचारू शकतात. इचलकरंजीत एका सुताच्या पेढीवर त्यांनी एकोणचाळीस वर्षं दिवाणजी म्हणून काढली. वहीखातं हे त्यांचं काम, पण पेढीवर त्यांना मान होता तो हातासाठी. गिरणीतून आलेल्या कोनाचं, म्हणजे शंकूसारख्या रिळाचं, टोक ओढायचे, वीतभर धागा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच फिरवायचे, पीळ उलगडायचा, पुन्हा भरायचा, आणि डोळे मिटून सांगायचे, "खोक्यावर चाळीस लिहिलंय, पण हे चाळीस नव्हे." मग वजनकाटा निघायचा, लडी मोजली जायची, आणि एजंट बिचारा घाम पुसत फोनकडे जायचा. सुताच्या नंबराचा हिशेब बाहेरच्या माणसाला उलटा वाटतो. ८४० वारांची एक लडी, अशा किती लड्या मिळून एक पौंड भरतो तो सुताचा नंबर. म्हणून आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. विसाचं जाड, शंभराचं तलम. मी लहानपणी पेढीवर गेलो की अण्णा माझ्या बोटांत दोन धागे द्यायचे आणि विचारायचे, यातला बारीक कुठला? मी नेहमी चुकायचो. "तुझी बोटं वाणसामानाची आहेत," असं म्हणायचे. याचा अर्थ मला आजही नीटसा लागलेला नाही, पण लागायचं ते लागलंच.

दवाखान्यातही त्यांनी त्या मुलीला विचारून पाहिलंच होतं. ती म्हणाली होती, पाच पॉइंट शून्य सात. "सुतात पॉइंट नसतो," अण्णा म्हणाले. मग तिनं दहा ग्रॅम असं सांगितलं. आता हे अण्णांना आणखीनच पटेना. एवढ्याशा तंतूचं वजन दहा ग्रॅम कसं असेल? वजन त्याचं नाहीच. तंतू वाकायला जो जोर लागतो तो दहा ग्रॅमचा. हे मला रात्री वाचता वाचता कळलं, आणि झोप उडाली ती उडालीच.

खुबी अशी आहे. टाचणी टोचली की किती जोरानं टोचली ते टोचणाऱ्याच्या हातावर असतं. एकाचा हात हलका, दुसऱ्याचा जड, आणि तोच हात सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. पण लवचिक तंतूचं टोक त्वचेवर टेकवून दाबलं तर जोर एका मर्यादेपर्यंत वाढत जातो, आणि ती मर्यादा आली की तंतू वाकतो. वाकल्यावर तुम्ही आणखी कितीही रेटा, तो नुसता अधिक वाकतो. पायापर्यंत जोर पोचतो तेवढाच. म्हणजे दाबणाऱ्या हाताचा स्वभाव तंतू आपल्या अंगावर घेतो आणि पुढे जाऊ देत नाही. हे पहिल्यांदा वापरात आणलं माक्स फॉन फ्राय या शरीरशास्त्रज्ञानं, जर्मनीत लाइपझिगला, १८९६ च्या सुमारास. त्याच्याकडे नायलॉन कुठलं? त्यानं केस वापरले. जाड, बारीक, ताठ, मऊ असे वेगवेगळे केस काड्यांना चिकटवायचे आणि कातडीवर ठिपक्याठिपक्यानं टेकवत जायचं. कुठे स्पर्श कळतो, कुठे दुखतं, कुठे काहीच नाही, याचे त्यानं नकाशे केले. मला तो माणूस डोळ्यांसमोर दिसतो. खिडकीपाशी बसलाय, एका हातात केस लावलेली काडी, दुसऱ्या हाताची बाही वर सारलेली, आणि घरातलं कुणीतरी जेवायला हाक मारून मारून थकलंय.

केसाची अडचण अशी की पावसाळी हवेत तो मऊ पडतो. पुढे अमेरिकेत जोसेफिन सेम्स आणि सिडनी वाइनस्टाइन यांनी मेंदूला गोळ्या किंवा तुकडे लागून जखमी झालेल्या माजी सैनिकांची स्पर्शशक्ती तपासली, त्याचं पुस्तक १९६० ला निघालं. त्यांनी केसाऐवजी नायलॉन घेतलं. अख्ख्या संचात वीस तंतू असतात. पहिला १.६५ नंबरचा, श्वासानंही हलेल असा. शेवटचा ६.६५, तो वाकायला ३०० ग्रॅमचा जोर लागतो, त्याला तंतू म्हणणं म्हणजे गमतच. सुताच्या उलट इथे आकडा वाढेल तसा जाडपणा वाढतो. आणि ते पॉइंट का? तर जोर मिलिग्रॅमच्या दहाव्या भागात मोजायचा आणि त्याचा लॉगॅरिथम घ्यायचा. अकरावीनंतर पहिल्यांदाच लॉग घेऊन बसलो. दहा ग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचे एक लाख दशांश, एकावर पाच शून्यं, लॉग पाच. मग वरचे ०.०७ कुठून आले? उलटा हिशेब केला तर ५.०७ म्हणजे दहा नव्हे, पावणेबारा ग्रॅमच्या आसपास येतात. नावातला आकडा आणि प्रत्यक्षातला जोर यांत हा एवढा फरक राहून गेलाय. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आणि आताच्या सराफाचा तोळा दहा ग्रॅमचा. म्हणजे तंतूच्या नावात जुना तोळा आहे आणि अंगात नवा. सकाळी अण्णांना हे सांगितल्यावर ते इतके खूश झाले की चहा गार होऊ दिला. "म्हणजे तोळाभर," ते म्हणाले. "मग असं सांगायचं ना त्या पोरीनं."

तोळाभर स्पर्श. तो उजव्या पायाला दहापैकी चार ठिकाणी कळला होता आणि डाव्या पायाला पाच.

यात माझ्या खाकरण्याचा एक धरलाय की वगळलाय, ते विचारायचं धाडस झालं नाही.

खरं तर आम्ही तिथे गेलो त्याला कारण झाली होती एक पिन. सुताच्या खोक्यांना मारतात ती, तांबूस रंगाची, जाड. निवृत्त झाल्यावरही अण्णा आठवड्यातून दोनदा पेढीवर जाऊन बसतात, काम काही नसतं. एके दिवशी ते संध्याकाळी घरी आले तेव्हापासून घरभर टक् टक् असा आवाज यायला लागला. ते स्वयंपाकघरात गेले की आवाज स्वयंपाकघरात. देवघरात गेले की देवघरात. आमच्याकडे जुनी शहाबादी फरशी आहे, तिच्यावर तो स्पष्ट वाजत होता. मी म्हटलं सुद्धा, "अण्णा, चपलेला काय घुंगरू बांधलंय?" घरात ते स्लिपर घालतात, आणि पेढीवरही त्याच. रात्री आईनं फरशीवर शाईच्या बोटांसारखे डाग पाहिले. बैठकीपासून मोरीपर्यंत. स्लिपर काढायला गेली तर ती पायाबरोबर निघेना. पिन रबरातून आरपार जाऊन तळव्यात रुतली होती आणि बाहेर उरलेलं टोक फरशीवर वाजत होतं. अण्णा दुपारपासून तसेच हिंडत होते. आई खाली बसून पाय मांडीवर घेऊन रडायला लागली. अण्णा तिच्याकडे, मग पिनेकडे पाहत होते, दुसऱ्याच कुणाच्या पायातून निघाल्यासारखी.

दोन वर्षं ते सांगत होते, "मोजे घातल्यासारखं वाटतं." आणि आम्ही म्हणायचो, थंडी आहे. अगदी हेच शब्द डॉक्टर पाठ्यपुस्तकात शिकतात, हे नंतर कळलं. मधुमेहात सगळ्यांत लांबचे मज्जातंतू आधी जातात. कमरेपासून अंगठ्यापर्यंत गेलेली हातभर-दोन हात लांबीची तार टोकाकडून विझत येते, म्हणून मोज्याच्या आकारात बधिरपणा चढतो. बोटांत सूत फिरवून नंबर सांगणाऱ्या माणसाच्या पायांचं असं झालं. हात अजून शाबूत आहेत. परवाच त्यांनी माझ्या नव्या शर्टाची कॉलर चिमटीत धरून, "पॉलिस्टर आहे निम्मं, फसवलं तुला," असं सांगितलं.

गंमत म्हणजे आमच्या गावाला न कळण्याची सवय आहे. गल्लीत चोवीस तास यंत्रमाग चालतात, धोट्याचा खडखडाट भिंतींतून येतो. पाहुणे पहिल्या रात्री डोळा मिटत नाहीत. आम्हाला तो ऐकूच येत नाही. वीज गेली, माग बंद पडले की मात्र आम्ही सगळे दचकून जागे होतो आणि एकमेकांना विचारतो, काय झालं? कानाचं ठीक आहे, आवाज थांबल्यावर तरी तो दचकतो. पायाचं तसं नसतं. न कळणं हे कळत नाही. तिथे काळोख नाही, थंडी नाही, पोकळी नाही. हे मला समजावं म्हणून कुणी समजावलं नव्हतं, मी ते चौथीत पाहिलं होतं आणि विसरलो होतो.

आमच्या शाळेत वर्षातून एकदा कुष्ठरोगाची तपासणी व्हायची. त्या काळी गावातली एकही भिंत 'न खाजणारा, न दुखणारा बधिर चट्टा' या ओळीवाचून नव्हती, कवितेसारखी ती आम्हाला पाठ होती. सायकलवर एक गृहस्थ यायचे, त्यांना आम्ही चट्टेवाले साहेब म्हणायचो. पोरांना ओळीनं उभं करायचे, सदरे काढायला लावायचे, पाठ-पोट-दंड उजेडात न्याहाळायचे. कुठे फिकट डाग दिसला की, "डोळे मिट. जिथे टेकेल तिथे बोट ठेव." आणि खिशातल्या बॉलपेनचं टोक हळूच टेकवायचे. माझ्या दंडावर सुरम्याचे फिकट डाग आले होते म्हणून मलाही त्यांनी बाजूला घेतलं. पेन टेकलं की गुदगुल्या व्हायच्या आणि बोट आपोआप तिथे जायचं. तरी मी पापण्यांच्या फटीतून बघत होतो. न जाणो.

माझ्यानंतर माझ्याच बाकावरचा मुलगा होता. त्याच्या उजव्या हातावर कोपराखाली रुपयाएवढा चट्टा. त्यानं डोळे मिटले, अगदी घट्ट, तोंड सुद्धा वाकडं करून. साहेबांनी पेन खांद्यावर टेकवलं, त्यानं बोट ठेवलं. मनगटावर टेकवलं, बोट ठेवलं. मग चट्ट्यावर टेकवलं. तो तसाच उभा. साहेबांनी उचलून पुन्हा टेकवलं. तो उभा. वर्ग हसायला लागला, कारण आम्हाला पेन दिसत होतं आणि त्याला कळत नव्हतं. थोड्या वेळानं डोळे न उघडताच त्यानं विचारलं, "सर, कधी?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "झालं बाळ."

दुसऱ्या दिवसापासून तो बाकावर एकटा होता. बाईंनी मला हलायला सांगितलं नव्हतं, मी आपण होऊन हललो होतो. घरी जाऊन हात तीन वेळा साबणानं धुतले होते. त्याला गोळ्यांची पाकिटं मिळायची, रंगीत, तो ती दाखवायचा. चट्टा पुढे गेलाही असणार, औषधं तोवर चांगली आली होती. सातवीनंतर त्याचे वडील मागाच्या कामासाठी भिवंडीला गेले, त्याबरोबर तोही. मी त्याच्या बाकावर परत बसलो होतो की नाही, हे किती आठवलं तरी आठवत नाही. बहुतेक नसेन.

पायाची ती तोळ्याची रेघ कुठून आली हे शोधत गेलो तर पोचलो कुष्ठरोगापाशीच. अमेरिकेत लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी कारव्हिल नावाच्या गावी कुष्ठरोग्यांसाठी सरकारी रुग्णालय होतं. तिथल्या बर्की आणि सिम्स या दोघांनी १९८६ साली कुष्ठरोग आणि मधुमेह अशा दोन्ही रुग्णांच्या तळव्यांची तपासणी प्रसिद्ध केली. ज्या पायांना व्रण होतात आणि ज्यांना होत नाहीत त्यांच्यातली सीमा या ५.०७ च्या तंतूवर पडत होती. तो कळला तर पाय स्वतःची राखण करू शकतो. नाही कळला तर राखण दुसऱ्या कुणीतरी करायची. आज जगभर मधुमेह्यांच्या पायांना जो तंतू टेकवतात त्याची वाट अशी माझ्या बाकावरून जाते, हे मला फार बरं वाटलं नाही.

कारव्हिलला १९६६ पासून एक डॉक्टर होते, पॉल ब्रँड. जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, आईवडील तिथे मिशनरी. त्याआधी वीसेक वर्षं ते वेल्लोरला होते. कुष्ठरोग्यांची बोटं झडतात ती रोगानं नव्हे, तर दुखत नाही म्हणून त्यांची होणारी हेळसांड त्याला कारण, हे त्यांनी हट्टानं दाखवून दिलं. त्यांच्याकडच्या काही रुग्णांची बोटं रात्रीतून तुटलेली दिसायची, कारण सापडेना. शेवटी कुणीतरी रात्रभर पाळत ठेवली, तर उंदीर कुरतडत होते आणि माणसं गाढ झोपेत होती. मग रुग्ण घरी जाताना त्याच्याबरोबर मांजर द्यायची पद्धत पडली. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रिया केलेल्या माणसाची मला आवडलेली गोष्ट ही मांजराची आहे. दुसरी त्यांची स्वतःची. लांबच्या प्रवासाहून लंडनला आले, मोजे काढताना लक्षात आलं की टाचेला काही कळत नाहीये. सुई घेऊन टोचली. काही नाही. आणखी आत टोचली, रक्त आलं, तरी काही नाही. आपल्यालाही झालं, असं धरून त्यांनी ती रात्र काढली. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि किंचाळले. प्रवासात अवघडून बसल्यामुळे मज्जातंतू तेवढ्यापुरता दबला होता. दुखलं म्हणून इतका आनंद झालेला माणूस दुसरा नसेल.

कारव्हिलला त्यांनी खोटं दुखणं तयार करायचा घाट घातला होता. हातमोजात आणि बुटात दाब मोजणारी यंत्रं बसवायची, दाब वाढला की कानात शिट्टी वाजवायची. रुग्ण शिट्टी ऐकायचे आणि काम चालूच ठेवायचे. मग शिट्टीऐवजी काखेत विजेचा झटका बसवला. तर एखादं अवघड काम आलं की माणसं तेवढ्यापुरतं बटण बंद करायची, काम उरकायची, पुन्हा चालू करायची. हे वाचताना मला अण्णाच दिसले. त्यांना बटण असतं तर पेढीवर जायच्या दिवशी ते बंदच राहिलं असतं. सगळा प्रकल्प काही वर्षांनी गुंडाळावा लागला.

माझ्या सातवीतल्या मुलीला मी हे सगळं सांगत बसलो, तर तिनं कंपासपेटी उघडली. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी लाइपझिगमध्येच वेबर नावाच्या प्राध्यापकानं याच पेटीतल्या वस्तूनं प्रयोग केले होते. १८३४ मध्ये त्यानं ते छापले. कर्कटकाची दोन टोकं एकदम कातडीवर टेकवायची आणि विचारायचं, एक की दोन? बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरवरची दोन टोकं वेगळी कळतात. पाठीवर चार सेंटिमीटरपर्यंत ती एकच वाटतात. आम्ही खेळायला बसलो. अण्णांच्या तर्जनीवर तिनं टोकं जवळ जवळ आणत नेली, अण्णा न चुकता सांगत होते, "दोन. दोन. अजून दोनच." टोकं जवळपास चिकटली तेव्हा म्हणाले, "आता एक." तिनं पट्टीनं मोजलं, दोन मिलिमीटर. टाळ्या वाजवल्या. मग माझी पाठ. मी सदरा काढून पालथा पडलो. "एक की दोन?" दोन. "आता?" दोन. "आता?" मी नीट लक्ष दिलं, अगदी स्पष्ट दोन टोकं जाणवली, जरा तिरपी, डावीकडचं जास्त टोचत होतं. दोन म्हणालो. ती खदखदून हसायला लागली. तिनं कर्कटक केव्हाच खाली ठेवलं होतं. काहीच टेकलेलं नव्हतं.

मी उठून बसलो. पाठीवर डावीकडे अजून टोचत होतं.

म्हणजे त्या दिवशी टेबलावर अण्णा खोटं बोलत होते की त्यांना खरोखर जाणवत होतं, हे आता मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. डोळे मिटून वाट बघणाऱ्या माणसाला वाट बघण्यानंच काहीतरी शिवत असेल. पण माझ्या खाकरण्याचं काय करायचं? मला ते पास व्हायला हवे होते. त्यांनी आणखी एखादी जागा ओळखली असती तर पिन निम्मी खोटी ठरली असती, स्लिपरवरून केलेला विनोद माफ झाला असता, "थंडी आहे" म्हणणारे आम्ही चौघं सुटलो असतो. त्या तंतूनं तिच्या हाताचा जास्तीचा जोर आपल्या अंगावर घेतला. माझा नाही घेतला.

आता रोज रात्री जेवणं झाली की अण्णांचे पाय बघायचं काम माझ्याकडे आहे. बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा, तळवे. स्लिपर आलटून पालटून झटकायच्या, आत हात घालून बघायचं. नायलॉनचा तंतू मी एक मागवला होता, पण त्यालाही नखरे असतात. दहाएक माणसं तपासली की तो थकतो, ताठपणा उतरतो, मग चोवीस तास त्याला विसावा द्यावा लागतो. आमच्याकडे माणूस एकच, तरी मी त्याला डबीत सरळ ठेवतो. तपासणीच्या दिवशी तेवढा तो काढायचा. एरवी नुसतं बोट पुरतं. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ही युक्ती काढली. डोळे मिटायला सांगायचं आणि तर्जनी अंगठ्यावर, करंगळीवर, मधल्या बोटावर अलगद ठेवून दोनेक सेकंदांत उचलायची. दाबायचं नाही, चोळायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. ज्या पायाला कळेल त्याचं नाव माणसानं घ्यायचं, उजवा किंवा डावा. सहा जागा, मिनिटभराचं काम.

काल गुरुवार होता, वीज गेलेली, माग बंद. गल्ली इतकी शांत की पलीकडच्या घरातली फोडणी ऐकू येत होती. अण्णा आरामखुर्चीत, पाय माझ्या मांडीवर. त्यांचे तळवे गार आणि गुळगुळीत लागतात, नदीतल्या गोट्यासारखे. माझ्या बोटांना ते किती कळतात याची मलाच लाज वाटते. आई बाजूला चटईवर मेथी निवडत बसलेली. मी उजव्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "उजवा," अण्णा म्हणाले. उजवी करंगळी. काही नाही. मी वहीत शून्य मांडलं. डावा अंगठा. "डावा." डावी करंगळी. काही नाही, पुन्हा शून्य. मी उजव्या मधल्या बोटावर तर्जनी ठेवली आणि श्वास रोखून बसलो. एक सेकंद. दोन. आईच्या बांगड्या किणकिणल्या.

"उजवा," अण्णा म्हणाले.

मी मान वर करून पाहिलं. आई मेथीच्या जुडीत डोकं घालून एकेक पान खुडत होती.